जुनी फ्रीलँडर २ घ्यायची म्हणतोय, कुणीतरी आवरा

पाऊलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही स्वतःच्याच खिशाला भोक पाडायला.

प्रकरण असं आहे. राहायला पुण्यात सिंहगड रोडला, गाव गुहागर तालुक्यात. आई गावीच असते, त्यामुळे महिन्यातून एक फेरी ठरलेली. डांबरी सोडली की घरापर्यंत दीड किलोमीटर जांभ्याचा उतार आहे आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. गेल्या श्रावणात आमची हॅचबॅक तिथे आडवी झाली ती फणसाला टेकली म्हणून थांबली. दार अजून नीट लागत नाही.

नवी फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) आवाक्याबाहेर. हायवेवरच्या एका डीलरकडे लँड रोव्हरची २०१२ ची फ्रीलँडर २ दिसली. डिझेल, ऑटोमॅटिक, १९० पीएसचं एसडी४ इंजिन, मीटरवर ९४,०००, दिल्ली पासिंग. मागतोय सव्वासहा लाख. ‘एका डॉक्टरांची आहे, दवाखाना ते घर एवढीच फिरलीय’ म्हणे.

मोह का होतोय तेही सांगून टाकतो. २०११ मध्ये लँड रोव्हरची पुण्यात जुळणी सुरू झाली ती याच फ्रीलँडर २ पासून. मी तेव्हा चिंचवडला एका व्हेंडरकडे ट्रेनी. ट्रेलरवर चढवलेली एखादी दिसली की टपरीवरचा चहा हातातच गार व्हायचा. माझा पगार आणि त्या गाडीची किंमत यांची तोंडओळखसुद्धा नव्हती. आता तीच गाडी नव्या हॅचबॅकपेक्षा स्वस्त मिळतेय.

बायको म्हणाली, ‘घे, पण आधी तुझ्या त्या रिकामटेकड्या मंडळींना विचार.’ म्हणून विचारतोय.

रोखठोक

नका घेऊ.

हत्ती स्वस्तात मिळतो हो, चारा कोण घालणार? सहा लाखांत मिळाली तरी तिचा हेडलाइट सहा लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही, पस्तीस-चाळीस लाखांच्या गाडीच्या भावात मिळतो. जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर बघा. गुहागरात बंद पडली तर गुहागरातच दुरुस्त होईल.

गिअरबदल

रोखठोक यांचं पहिलं वाक्य सोडून बाकी सगळ्याला अनुमोदन. :)

माझ्याकडे सात वर्षं फ्रीलँडर २ आहे. ५८,००० ला घेतली, आता १,४१,००० झालेत. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घ्या, म्हणजे बिघाड कुठे होतात ते आपोआप कळेल. इंजिन आडवं बसवलेलं. पुढची चाकं नेहमीसारखी फिरतात. पुढेच एक ट्रान्सफर युनिट आहे, ते मागच्या प्रॉपेलर शाफ्टला ताकद देतं. मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाशी हॅल्डेक्स नावाचा क्लच बसलाय. संगणकाने सांगितलं की तो आवळतो, मग मागची चाकं जोर लावतात. लो रेंज (अवघड चढासाठीचे वेगळे, हळू पण जोरदार गिअर) नाही. म्हणजे जुन्या अर्थाने ही ‘गिअर टाकून डोंगर चढणारी’ जीप नव्हे. पण तुमच्या शेवाळ धरलेल्या उतारासाठी टेरेन रिस्पॉन्सची (रस्ता कसा आहे ते गाडीला सांगायची) गोल कळ फिरवा, हिल डिसेंट कंट्रोल लावा आणि ब्रेकवरून पाय काढा. गाडी एकेका चाकाचा ब्रेक मारत म्हातारीसारखी खाली येते. पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पाय आपोआप ब्रेककडे जातो. (जाऊ देऊ नका.)

आता चारा.

हॅल्डेक्सला स्वतःचं तेल आहे आणि त्याच्या पंपाच्या तोंडाला जाळी आहे. क्लचच्या पट्ट्यांची झीज त्या जाळीत अडकते. ती साफ केली नाही की पंप मरतो आणि तुमच्याकडे फोर बाय फोरच्या किमतीची टू व्हील ड्राइव्ह उरते. वाईट भाग हा की डांबरीवर काहीच कळत नाही. मालक चार वर्षं अभिमानाने फिरवतो आणि पहिल्या चिखलात पुढची चाकं गरगर फिरताना मागची नुसती बघत बसतात. मी दर ४०,००० ला तेल बदलतो, जाळी काढून धुतो.

दुसरं, मागच्या डिफरन्शियलची पिनियन बेअरिंग. या मॉडेलचं हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं. गाडी विकत घेताना रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर. पन्नास-साठच्या वेगाला मागच्या सीटवर बसून ऐका. वेगाबरोबर चढणारी ‘घूंऽऽ’ ऐकू आली आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिचा सूर बदलला, तर तीच ती. डीलर म्हणेल टायरचा आवाज आहे. टायरचा सूर ॲक्सिलरेटर सोडल्याने असा बदलत नाही.

टायर चारही एकाच मेकचे, सारख्या झिजेचे हवेत. दोन नवे दोन जुने असले की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा पडतो आणि ट्रान्सफर युनिट नि हॅल्डेक्स दिवसभर एकमेकांशी भांडत बसतात. कंजुषी करून मागच्या मालकाने दोनच टायर बदलले असतील तर त्याचं बिल तुम्ही भरणार.

टायमिंग बेल्ट (इंजिनच्या झडपांची वेळ जुळवणारा आतला पट्टा) दहा वर्षांनी बदलायचा असतो, किलोमीटर कितीही कमी असोत. २०१२ ची गाडी म्हणजे मुदत संपली. बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरा. सोबत बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टाही बदला. तो फाटून त्याचे धागे आतल्या बेल्टमध्ये गेले की इंजिनच हातात येतं.

बाकी इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप चिरतात (काळा धूर, दम नाही), ट्रान्सफर युनिटच्या तेलाचा सगळ्यांना विसर पडतो, आणि ऑटो गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ आहे असं कोणी म्हणालं तर कोणाच्या आयुष्याचं ते विचारा.

संत्रानगरी

पाऊलवाट भाऊ, इतके पैसे लावून राहिले तर पजेरो एसएफएक्स पाहा नं. २.८ लिटर डिझेल, खरी लो रेंज, टायमिंगले पट्टा नाही चेन आहे. डकार रॅली पजेरोनं बारा वेळा जिंकली आहे, त्यात २००१ ते २००७ लागोपाठ. आमच्या इकडं एका जमान्यात पजेरो दारात उभी म्हणजे माणूस एक तर बिल्डर, नाही तर निवडणुकीच्या तिकिटाच्या रांगेत.

अवांतर: स्पेनमध्ये हिचं नाव माँटेरो ठेवावं लागलं. ‘पजेरो’चा तिकडं काय अर्थ होते ते इथं लिहिलं तर संपादक मंडळ माहा आयडी उडवते.

गिअरबदल

@संत्रानगरी, पजेरोबद्दल आदरच आहे, पण आता मिळतात त्या बहुतेक पंधरा-वीस वर्षांच्या. चेसिसचा गंज बघून घ्यायच्या. आणि पाऊलवाट यांच्या आईंना त्या पायरीवर चढवायला स्टूल लागेल.

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलला असते. फ्रीलँडर २ जिथे जन्मली तो हेलवूडचा कारखाना इथून जवळच. २००६ ते २०१४ ती तिथेच बनत होती, पुण्याला सुटे भाग जाऊन जुळणी व्हायची. माझ्या नवऱ्याकडे एक आहे, २०१० ची. शेजारी हसतात.

तुमच्या फायद्याची गोष्ट सांगते. इकडची गाडीही उजव्या हाताच्या स्टिअरिंगचीच, त्यामुळे भाग जसेच्या तसे बसतात. भंगारयार्डात या गाड्या रांगेने उभ्या आहेत. दाराची कुलपं, आरसे, खिडकीच्या मोटरी, सीटचे स्विच असल्या गोष्टी पुण्यात नव्या घेऊ नका. मात्र बेअरिंग, बेल्ट, ब्रेक जुन्या गाडीतले कधीही घेऊ नका. आणि हे इंजिन फोर्ड आणि प्यूजो-सिट्रोएनच्या भागीदारीतलं, गिअरबॉक्स आयसिनचा. भाग बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या डब्यातला तोच भाग कितीतरी कमी किमतीत मिळतो. फरक फक्त डब्यावरच्या हिरव्या लोगोचा.

एका बाबतीत मात्र तुमची दया येते. इथे नंबर टाकला की दरवर्षीच्या तपासणीत मीटरवर किती मैल होते ते फुकट दिसतं. तुम्हाला तिथे डीलरच्या शब्दावर जायचं.

कृष्णाकाठ

मी गॅरेजवाला, सांगलीकडचा. या गाड्या महिन्याला दोन-तीन येतात माझ्याकडे.

साहेब, दिल्लीची गाडी म्हणजे आधी पाणी बघा. २०२३ च्या जुलैत यमुना घराघरात शिरली होती. आणि आम्हाला विचाराल तर २०१९ आणि २०२१ ला आम्ही पुरात गाड्या तरंगताना बघितल्यात. त्यातल्या किती धुऊन-पुसून कुठं कुठं विकल्या गेल्या देव जाणे.

पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पार थांबेपर्यंत. पाण्यात बसलेल्या गाडीचा पट्टा वर स्वच्छ, आणि शेवटच्या हातभर तुकड्यावर चिखलाची रेघ. धुणारा माणूस तिथपर्यंत जात नाही. मग सीटखालच्या रुळांचे बोल्ट बघा. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा. गाडीत अत्तराचा वास जास्त असेल तर दोनदा बघा.

पण कार्पेट नुसतं ओलं असलं म्हणून पुराची म्हणू नका. सनरूफची पाणी जायची नळी पानं-मातीनं तुंबली की पाणी खांबातून पायाशी उतरतं. ते सायकलच्या ब्रेकच्या मऊ तारेनं साफ होतं, हवेचा प्रेशर मारू नका, आत नळी निसटते.

बघायला जाताना डीलरला सांगू नका कधी येणार. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिनचा धूर आणि आवाज तुम्हाला दाखवायचा नाहीये. दुसऱ्या दिवशी परत जा. आणि गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्वतःचा स्कॅनर न्या. डॅशबोर्डवर लाइट नाही याचा अर्थ बिघाड नाही असा नाही, काल कुणीतरी पुसला असाही असतो.

लाल शाई

कागदांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आयुष्य आरटीओच्या आसपास गेलं आहे.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीच भूमिका कायम ठेवली. गाडी स्वस्त दिसते ती म्हणून. डॉक्टरांचा त्यात काही संबंध नाही.

एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारा ना-हरकत दाखला, फॉर्म २८, मूळ हातात बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ‘येतेय’ हे उत्तर चालत नाही. कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तो तुम्ही डीलरला दिलेल्या सव्वासहा लाखांवर बसत नाही, गाडीची मूळ किंमत धरून आणि वय बघून बसतो. तो आकडा आधी काढा आणि मग गाडी स्वस्त आहे का ते ठरवा.

२०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. पंधरा वर्षं झालेल्या साध्या कारला नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० रुपये आहे, पण आयात गाडीला ४०,०००. सुरुवातीच्या, २००९-१० च्या फ्रीलँडर पूर्ण बनूनच आलेल्या होत्या. म्हणून गाडी पुण्यात जुळवलेली आहे की आयात, ते आरसीवर वाचा. वर पर्यावरण कर वेगळा. आणि १५०० सीसीवरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ अधिक जीएसटी असा होता.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. काल न सांगता गेलो.

बॉनेट गरम. डीलर म्हणाला, ‘आत्ताच एक पार्टी बघून गेली.’ आज सकाळी साडेनऊला शटर उघडायच्या वेळी परत गेलो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

सीटबेल्ट स्वच्छ निघाला, शेवटपर्यंत. पुराची नाही. पण टायरच्या कडेला आठवडा-वर्ष असं छापलेलं असतं ते वाचलं. पुढचे दोन ३४२१, मागचे दोन २३१६. वेगळे मेक. वारजे पुलाच्या पुढे मी मागे बसलो, मित्र चालवत होता. साठला ती ‘घूंऽऽ’ आली. मी मित्राला म्हणालो पाय सोड. सूर उतरला. मला इतका आनंद झाला की डीलरला वाटलं गाडी आवडली.

स्कॅनर लावला तर नोंदी पुसून जेमतेम २० किमी झाले होते. दुसरी किल्ली नाही. एनओसी ‘येतेय’.

लाल शाई काका, तुमची आठवण काढली.

रोखठोक

सुटलात. आता स्कॉर्पिओ बघा.

पाऊलवाट

(पाच आठवड्यांनी)

स्कॉर्पिओ बघितली. दोन बघितल्या. मग फ्रीलँडर घेतली. :(

रोखठोक, शिव्या सावकाश द्या, आधी ऐका. एमएच १२, २०१३ ची, पुण्यातच जुळवलेली, १,३८,००० किमी. म्हणजे दिल्लीवालीपेक्षा ४४,००० जास्त, आणि किंमत सात लाख पस्तीस हजार. पण प्रभात रोडच्या त्या काकांनी गाडी दाखवायच्या आधी फाइल दाखवली. कापडी बांधणीची, दोऱ्याने बांधलेली, बँकेत असते तशी. त्यात प्रत्येक बिल. हॅल्डेक्सचं तेल दोनदा बदललेलं. बिलाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘डावीकडून टक् आवाज, वळताना’ आणि पुढच्या बिलावर ‘आवाज गेला’. टायमिंग बेल्ट मात्र बदललेला नव्हता. तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि तेवढे पैसे कमी केले.

काकूंनी निघताना गाडीच्या आरशाला लावलेला गणपती काढून घेतला. मग परत लावला.

गिअरबदल

किलोमीटर बघून नाही, फाइल बघून घेतलीत. हाबिणंदण! लगेच सगळी तेलं बदला, इंजिनपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत पाचही. आणि चांगली बॅटरी टाका. बॅटरी थोडी जरी लेचीपेची झाली तरी ही गाडी ‘ट्रान्समिशन फॉल्ट’, ‘हिल डिसेंट फॉल्ट’ अशी सगळी दुखणी एकदम सांगायला लागते, लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी. लोक गिअरबॉक्स उघडून बसतात आणि दोष बॅटरीचा असतो.

पाऊलवाट

(अकरा महिन्यांनी)

कुणीतरी व्यनितून (खाजगी निरोपातून) हिशोब मागितला म्हणून धागा वर काढतोय.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, बाहेरचा पट्टा मिळून ३१,०००. पाच तेलं आणि सगळे फिल्टर ३८,०००. बॅटरी १४,५००. चार टायर, २३५/६० आर १८, ५८,०००. इथपर्यंत ठरवलेलंच होतं.

मग ऑक्टोबरात घूंऽऽ सुरू झाली. फाइल कितीही चांगली असली तरी बेअरिंगला वाचता येत नाही. एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपात नेली. कॉफी उत्तम. डिफरन्शियल पूर्ण बदलायला २ लाख ६० हजार सांगितले. बेअरिंग वेगळी बदलत नाही म्हणाले. मी तिथून कृष्णाकाठांना फोन लावला. गाडी सांगलीला नेली, त्यांच्याकडेच दोन रात्री राहिलो, कारण माणूस ऐकेना. बेअरिंग, सील, तेल, मजुरी धरून ४२,०००. जुनी बेअरिंग त्यांनी हातात दिली. आतल्या कड्यावर नखाएवढा पोपडा निघाला होता. एवढ्याशा पोपड्याची ती घूं.

आणि उंदीर. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांना ब्रिटिश वायरिंग आवडतं. ११,०००. आता बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी ठेवतो. वॉचमन मागून घेतो अधूनमधून.

बेरीज १,९४,५००, विमा आणि डिझेल सोडून. ११,२०० किमी चालली. शहरात साडेदहा, हायवेला साडेतेरा देते. रोखठोक, बेरीज तपासून घ्या.

रोखठोक

तपासली. बरोबर आहे. फणसाचं काय?

पाऊलवाट

जुलैत गेलो होतो. पाऊस असा की वायपर कमी पडत होते. उताराच्या तोंडाशी थांबून कळ ‘गवत-खडी-बर्फ’वर फिरवली, हिल डिसेंट दाबलं आणि पाय काढला. गाडी कुरकुरत, कटकट आवाज करत खाली निघाली. मागच्या सीटवर आई होती. फणस आला तशी तिने डोळे मिटून घेतले. गेल्यावर विचारलं, ‘गेला का?’

परत येताना समुद्राकाठच्या रस्त्यांची खारट हवा लागलेली म्हणून गाडी खालून धुतली. तेव्हा दिसलं, इंटरकूलरच्या पाइपला तेलाचा ओलसर डाग आहे. चीर अजून नाही, पण जागा तीच.

मर्सीकाठ ताई, दिवाळीला येताय ना पुण्याला? बॅगेत अर्धा मीटर रबरी पाइप बसेल का? पार्ट नंबर व्यनि करतो.

मर्सीकाठ

बसेल. चकल्या तिकडूनच आणायच्या आहेत, जाताना बॅग रिकामीच असते. एक का दोन?

गिअरबदल

ताई, दोन. एक माझा.